अगदी मापाचे

आमच्या घरात कपडे आणि चपला कायम वाढत्या मापाच्या यायच्या. पप्पांचं मंचरच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं, म्हणजे कापडाला तोटा नव्हता, तरी माझा फ्रॉक गुडघ्याखाली वीतभर लोंबायचा. तो अंगाला नीट बसायला लागेपर्यंत पार विटलेला असायचा आणि मग धाकट्या बहिणीकडे जायचा. पोरगी वाढतेय, या एका कारणावर मी तेरा वर्षं ढगळ कपड्यांत काढली. नव्वदच्या दशकात आमच्याकडे बहुतेक घरांत असंच होतं, पण मला वाटायचं की हा अन्याय एकट्या माझ्यावरच होतोय.

म्हणून सातवीच्या सुट्टीत पुण्याच्या आत्यानं घेतलेल्या बुटांचं मला एवढं वेड लागलं. निळे, कॅनव्हासचे, जाड रबरी तळाचे. दुकानदारानं सवयीनं एक नंबर मोठा जोड काढला, तर आत्या म्हणाली, हिला आज होईल असा द्या. जन्मात पहिल्यांदा माझी टाच आत न डुगडुगता बसली. आतून इतके मऊ की मोजे घालायची गरजच वाटेना. मी ते घालून गच्चीत फिरायची, घालून अभ्यास करायची आणि रात्री ओल्या फडक्यानं पुसून उशाशी ठेवायची. मम्मीनं दोनदा उचलून दारात नेऊन ठेवले. दोन्ही वेळा मी परत आणले.

त्या पावसाळ्यात आमच्या जैन स्थानकात, म्हणजे प्रार्थनास्थळात, चातुर्मासासाठी दोन साध्वी आल्या. एरवी त्या गावोगाव अनवाणी चालतात, पावसाचे चार महिने मात्र एकाच गावी मुक्काम. साध्वींनाही आम्ही महाराज साहेबच म्हणतो. थोरल्या महाराज साहेब साठीच्या आणि कडक. धाकट्या विशीतल्या, नगरकडच्या, आमच्यासारखंच मराठी बोलणाऱ्या. पहिल्याच रविवारी थोरल्यांनी आम्हा मुलांना पुढ्यात बसवलं आणि चार महिन्यांसाठी एकेक गोष्ट सोडायला सांगितली. कुणी बर्फाचा गोळा सोडला, कुणी टीव्ही. मी आधीच ठरवून गेले होते. हात जोडून म्हणाले, मी कारलं सोडते.

आवडतं ते सोडायचं असतं, असं त्या म्हणाल्या. मी आठवल्यासारखं करत बसले. तेवढ्यात शेजारून माझी नऊ वर्षांची बहीण मोठ्यानं बोलली.

"हिला बूट आवडतात. उशाशी घेऊन झोपते."

सगळं स्थानक हसलं. पुरुषांच्या बाजूला बसलेले पप्पासुद्धा हसले. मला असा राग आला, की त्या रागातच मी उभी राहिले आणि चार महिने पायात काहीही घालणार नाही असा नियम घेऊन मोकळी झाले. घरी येताना बूट हातात होते आणि पायाखाली बाजारपेठेतला चिखल. बहिणीशी मी आठवडाभर बोलले नाही.

पप्पांनी हळूच सुचवलं की लहान मुलांना सूट असते, शाळेपुरते घालत जा. मी कसली ऐकतेय. माझा स्वभावच तसा, एकदा तोंडातून गेलं की गेलं. पण कौतुकाची चार वाक्यं ऐकून झाल्यावर उरले ते नुसते पाय. खडी टोचायची, बोटांत चिखल्या झाल्या, शाळेच्या रस्त्यावर दोनदा आपटले. शेवटी अवसरीकडून शेतातनं चालत येणारी वर्गातली मैत्रीण वैतागली.

"अंगठा रोवून चाल की. टाच टेकवली का घसरतंयच. लई नाजूक केलेत पाय त्या बुटांनी."

तिचं ऐकून चालायला जमलं. बुटांचं मात्र माझं सगळं चालूच होतं. दर रविवारी त्यांना ऊन दाखवायची, दमट राहू नयेत म्हणून आत कागद कोंबायची. दसऱ्याला दुकानातल्या गजाला आणि कात्रीला झेंडू वाहिला, तेव्हा दोन फुलं पळवून दोन्ही बुटांवर ठेवली. मम्मीनं कपाळावर हात मारला.

दसऱ्यानंतर एका दुपारी धाकट्या महाराज साहेबांनी विचारलं, ते बूट आहेत तरी कसे? मी धावत जाऊन पिशवीतून घेऊन आले. त्या पायरीच्या आत बसल्या, मी बाहेर. बूट मधे.

"मऊ असतात का गं आतून?"

हात घालून बघा म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. तूच घाल आणि सांग, म्हणाल्या. मग मी हात घालून सांगत बसले. इथं टाचेला गादी आहे, इथं अंगठ्याचा खळगा पडलाय, इथं जरा खरखरीत लागतं. त्या मन लावून ऐकत होत्या. मधेच मला शंका आली, हातात घातले तर नियम मोडतो का? त्या हसल्या. तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी बांधलेली, त्यामुळे हसू फक्त डोळ्यांत दिसलं. मोडत नाही म्हणाल्या. तेवढ्यात आतून थोरल्यांची हाक आली आणि त्या उठून गेल्या.

त्यानंतर मी दिवस मोजायला लागले. कार्तिकी पौर्णिमेला नियम सुटला. दुसऱ्या दिवशी साध्वींचा विहार होता, म्हणजे त्या मुक्काम हलवून पायी पेठकडे निघणार होत्या आणि निम्मं गाव त्यांना पोचवायला जाणार होतं. मी पहाटेच पाय घासून धुतले, बुटांतले कागद काढले आणि पाय आत घातला. जाईना. नाडी पूर्ण सोडली तरी टाच बाहेरच. पाय वाढला होता, पंजा फाकला होता. मी जमिनीवर बसून रडले. अगदी मापाचे घेतले होते ना मी!

मम्मी म्हणाली चप्पल घाल. मी तशीच निघाले.

अवसरीचा घाट चढताना माणसं मागंपुढं झाली. थोरल्या महाराज साहेब बायकांच्या घोळक्यात पुढं निघून गेल्या. धाकट्या माझ्या बरोबरीला आल्या आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, आज तर घालायचे होते ना? मी सांगितलं, होत नाहीत. पुन्हा रडू यायला लागलं, म्हणून मी खाली डांबराकडे बघत चालत राहिले. त्यांनी माझ्यासाठी चाल हळू केली.

"बहिणीला देऊन टाक. दीक्षा घेतली त्या सकाळी मीपण माझ्या सँडल धाकटीला दिल्या. तिला खूप मोठ्या होत होत्या."

दोन-चार पावलं गेली.

"सहा वर्षं झाली. आता तिलाही लहान होत असतील."

एवढं बोलून त्या भराभरा चालत थोरल्यांना गाठायला गेल्या. पेठला पोचल्यावर सगळ्यांबरोबर मीही वंदन केलं, पण त्यांनी माझ्याकडे वेगळं असं पाहिलं नाही. परत कधी त्या आमच्याकडे आल्या नाहीत.

संध्याकाळी घरी येऊन मी बुटांच्या पुढच्या टोकात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि बहिणीच्या पायात चढवले. ती फटक फटक करत बाजारपेठेतून तीनदा धावून आली. दर दोन-तीन महिन्यांनी मी तिला ओट्यावर बसवून अंगठ्याजवळ दाबून बघायची आणि थोडा कागद कमी करायची. तिला वाटायचं, मला बूट परत हवेत. मी सातवीच्या सुट्टीत पुण्याला गेले होते, तीही तिच्या सातवीच्या सुट्टीत जाणार होती. त्या सुट्टीत एका सकाळी ती म्हणाली, ताई, बूट लागतायत. मी तिथंच होते. मीच नाड्या सोडल्या आणि तिचे पाय बाहेर काढले.