तिच्या किश्शांतले बाबा

बस स्थानकावर घोषणा करणारी बाई म्हणजे नुसता आवाज. पण हा आवाज गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "पाच नंबरची गाडी चाळीस मिनिटं उशिरा येईल. ज्यांना भांडायचंय त्यांनी रांगेनं भांडावं," असं ती भोंग्यातून सांगायची आणि वैतागलेली माणसं खुदकन हसायची. साहेबांनी दोनदा लेखी ताकीद दिली. तिसरी यायच्या आत, गाडी चुकलेला एक टीव्हीवाला तिच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. "हेच कॅमेऱ्यापुढे बोलाल?"

तिचे बाबा शिंपी. "टीव्हीवर जायचं तर अंगावर काहीतरी धड हवं," म्हणत त्यांनी तिला निळा कोट शिवला. गडबडीत एक बाही तसूभर लांब झाली. पहिल्याच कार्यक्रमात तिनं ती बाही हलवून दाखवली. "बाबांना खात्री आहे, माझा हात अजून वाढणार. मी चौतीस वर्षांची आहे."

स्टुडिओत प्रेक्षक नव्हते. होते ते सहा तंत्रज्ञ, आणि त्यांना हसायची मनाई. विनोद संपला की स्मशानशांतता. आपले विनोद पडले, असंच तिला वाटलं. तेवढ्यात दिग्दर्शक ओरडला, "अरे, कॅमेरा का हलतोय?" कॅमेरामन तोंडात रुमाल कोंबून गदगदत होता. तेवढा भाग पुन्हा करावा लागला, पण तिचा जीव भांड्यात पडला.

पाच मिनिटांची पंधरा झाली, मग रोज सकाळी तासभर थेट प्रक्षेपण. पाहुण्यांना ती गोडीगुलाबीनं बोलतं करायची आणि मधेच बाबांचा एखादा किस्सा सोडायची. त्यांचं घोरणं, त्यांचा विसरभोळेपणा. गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारत, "काय हो, चष्मा फ्रीजमध्ये सापडला म्हणे?"

"जीभ नाही तिची, कात्री आहे," बाबा म्हणत. आणि मापं घेता घेता किस्सा स्वतःच पुन्हा सांगत, तिखटमीठ लावून.

नवव्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. पंधरा दिवसांनी ती कामावर परतली, पण कार्यक्रमात बाबांचा विषय तिनं काढला नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कसली थट्टा करायची? महिन्याभरानं थोरली बहीण म्हणाली, "तुझा कार्यक्रम लागला की बाबा भिंतीकडे तोंड फिरवतात गं."

तिला वाटलं, आपण त्यांना असं सोडून हसतखेळत कामाला जातो, त्याचाच हा राग.

रविवारी ती त्यांच्या उशाशी बसली. "बाबा, मी हे काम सोडू का?"

त्यांनी जोरात नकारार्थी मान हलवली आणि डाव्या हातानं कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे खूण केली. तिनं तिथला कापडावर खुणा करायचा खडू आणून दिला, एक काळं कापड पुढ्यात पसरलं. पहिलीतल्या पोरासारख्या अक्षरांत त्यांनी लिहिलं, 'मला का काढलं?'

"कुठून?"

बाबांनी टीव्हीकडे बोट दाखवलं.

"अहो बाबा, आता तुमची चेष्टा कशी करू मी?"

त्यांनी खाली आणखी दोन शब्द ओढले. 'मेलो नाही.'

ती हसली, मग त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "आमच्या बाबांची वाचा गेलीय. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच घरात मला वाक्य पुरं करायला मिळतंय." "पण काल त्यांनी दोन शब्दांत माझी बोलती बंद केली." तिकडे घरी बाबा तोंडाच्या एका बाजूनं इतके हसले, की ताईला धावत पाणी आणावं लागलं.

बाबा आणखी तीन वर्षं होते, घरात आणि टीव्हीवरही. ते गेल्यावर दोन वर्षांनी वाहिनीला तरुण चेहरा हवासा वाटला आणि कार्यक्रम बंद झाला. चार महिने तिला घर खायला उठलं. मग वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या एक बाई तिला आपल्या इस्पितळात घेऊन गेल्या. आता दर मंगळवारी तिथल्या मोठ्या खोलीत तिचा कार्यक्रम असतो. विनोद सांगतात ते पेशंट. ती नुसता माइक धरते.

गेल्या मंगळवारी एका निवृत्त पोस्टमास्तरांना एक विनोद सांगायला सहा मिनिटं लागली. तिनं मधे एक शब्द घातला नाही. शेवटची ओळ काही केल्या त्यांना आठवेना, म्हणून ती त्यांच्या बायकोनं सांगितली, आणि साफ चुकीची सांगितली. सगळ्यात मोठ्यांदा पोस्टमास्तरच हसले.