पापनाशमच्या बाई

आज कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास आला. फार वर्षांपूर्वी तंजावूरच्या कलामहोत्सवात आम्ही पिढ्यानपिढ्या इकडे तमिळ मुलखातच राहिलेल्या आमच्या मराठी लोकांच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलं होतं, तिथं अगदी हाच वास होता. घराघरांतून मागून आणलेल्या जुन्या नऊवारी साड्यांचा. दिवसभर लोक नाचाच्या मांडवाकडे जात राहिले, आमच्याकडे कुणी फिरकेना. उभं राहून माझे पाय भरून आले होते.

संध्याकाळी आवरायला घेतलं, तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या. पापनाशमहून बसनं एकट्याच आलेल्या. साड्यांकडे, पितळी भांड्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, मराठीत बोल की जरा."

"काय बोलू, अम्मा?"

"काहीही. आज स्वयंपाक काय केलीस ते सांग. आमचे हे गेल्यापासून घरात मराठी कानावर पडत नाही. सून गुणाची आहे, पण ती तमिळ."

मी सांबार, वांग्याची भाजी, असलं काहीबाही सांगत बसले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. उठताना म्हणाल्या, "पोट भरलं गं."

तेव्हा मला हसू आलं होतं. आता यजमान नाहीत. नातीला माझं बोलणं सगळं कळतं, पण ती उत्तर देते तमिळमध्ये. मीही हल्ली फारसं बोलत नाही, थकायला होतं. पुन्हा तसं प्रदर्शन भरलं, तर जाऊन नुसती बसेन म्हणते. पण भरवणारं आता उरलंय कोण?