धुळ्यात थांबलेला सामना

जळगावहून धुळ्याची बस सुटली तेव्हा ऊन इतकं लख्ख होतं, की मी छत्री घेतली म्हणून वृंदा मला हसली. वृंदा माझी भाची. जळगावच्या एका शाळेत ती खेळ शिकवते आणि सॉफ्टबॉलच्या सामन्यांत अंपायर म्हणून उभी राहते. तिची आई, माझी थोरली बहीण, उन्हाळ्यात गेली. आम्ही दोघी बहिणी पुण्यात एकत्र राहत होतो. दिवाळीच्या आधी वृंदानं फोन करून, धुळ्याला मुलींचे सामने आहेत, माझ्याबरोबर चल, असं फर्मान काढलं. नाही म्हणायला मला कारण सुचलं नाही.

गिरणेचा पूल ओलांडला आणि एरंडोलनंतर दोन्ही बाजूंना कापूस दिसू लागला. बोंडं फुटली होती आणि वेचणाऱ्या बायका ओळीनं पुढं सरकत होत्या. शेजारच्या सीटवरच्या आबांनी माझ्या छत्रीकडे बघून समाधानानं मान हलवली. "आज पानी येई" (पाऊस येईल), ते म्हणाले. वृंदानं मोबाइलवर हवामान बघितलं. तिथं नुसता पिवळा सूर्य होता.

धुळ्यात उतरल्यावर स्टँडजवळच्या खानावळीत फौजदारी डाळ खाल्ली. पाचसहा डाळी एकत्र शिजवून वर लसूण-मिरचीची झणझणीत फोडणी. हे नाव कशामुळे पडलं ते वाढणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, दुपारी कळेल. वृंदानं मात्र दहीभातावर भागवलं. अंपायरला मध्येच मैदान सोडून जाता येत नाही, म्हणाली.

मैदान काळ्या मातीचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा पिंपळनेरच्या मुली चेंडू झेलत होत्या. त्यांचे प्रशिक्षक देसले सर त्यांना भाड्याच्या जीपमधून पहाटे घेऊन आले होते. साक्री तालुक्याच्या त्या टोकाहून इथवर येणं सोपं नाही. एका दिवसात सामना उरकून संध्याकाळी परतायचं, एवढ्याच बोलीवर घरच्यांनी मुलींना सोडलं होतं. समोरचा संघ धुळ्याचाच, आणि त्याची कर्णधार निधी ही इथल्या एका कापडवाल्या जैन कुटुंबातली मुलगी.

मी होम प्लेटच्या मागं, जाळीजवळ खुर्ची टाकून बसले. ऊन तापत होतं म्हणून छत्री उघडली. पिंपळनेरची कविता चेंडू टाकायला हात फिरवणार, इतक्यात वृंदानं दोन्ही हात वर करून खेळ थांबवला, मुखवटा काढला आणि थेट माझ्याकडे आली.

"बाई, छत्री मिटा. पिचरला चेंडू सोडताना तीच दिसते."

मावशी नाही, बाई. जाळीजवळची मंडळी हसली. मी छत्री मिटली आणि पदर डोक्यावर घेतला.

सॉफ्टबॉलचा सामना सात डावांचा असतो. पावसामुळे सोडावा लागला आणि निदान पाच डाव झालेले असले, तर तिथला निकाल धरतात. त्याच्या आधी थांबला तर नंतर जिथं थांबला तिथूनच पुढं खेळायचा, ही सगळी माहिती शेजारच्या एका नानांनी मला पुरवली. चौथ्या डावात पिंपळनेर एका रननं पुढं होतं. धुळ्याच्या दोन मुली आऊट झाल्या होत्या, एक तिसऱ्या बेसवर उभी होती आणि बॅट निधीच्या हातात होती. कवितानं तिला दोन स्ट्राइक टाकले. आणखी एक पडला की निधी आऊट.

आणि लळिंगच्या डोंगराच्या बाजूनं आभाळ काळं झालं. वारा आला, धूळ उठली, आबांचा पाऊस टपोऱ्या थेंबांनी सुरू झाला. मुली खेळायला तयारच होत्या. पण डोंगरावर वीज चमकली आणि वृंदानं हात वर केले.

देसले सर धावत आले. एकच चेंडू टाकू द्या, म्हणाले. मग त्यांनी खरं दुखणं सांगितलं. जीप उद्या मिळणार नाही. मुली आज घरी गेल्या की उद्या परत येत नाहीत, आणि आल्या नाहीत की सामना धुळ्याला बहाल होईल. वर्षभर मुली यासाठी राबल्या होत्या. सर अहिराणीवर आले. "ताई, आते काय करवो आम्ही?" (आता काय करायचं आम्ही?)

"सर, पोरीच्या हातात धातूची बॅट आहे," वृंदा म्हणाली. "वीज दिसल्यावर मी एकही चेंडू टाकू देणार नाही."

ती रागानं बोलली नाही. मागून कोणीतरी टोमणा मारला, की धुळ्यानं अंपायरला जेवण काय घातलंय ते बघा. दहीभात, असं सांगावंसं मला फार वाटलं.

सगळे पत्र्याच्या शेडखाली उभे राहिले. पाऊस थांबला तोवर मैदानाचं तळं झालं होतं. संयोजकांनी उद्या सकाळी पुढं खेळवायचं ठरवलं. पिंपळनेरच्या मुली पिशव्या भरू लागल्या. निधी मात्र तिच्या आईशी काहीतरी कुजबुजत होती. मग त्या माउलीनं देसले सरांना सांगितलं, की आमच्या दुकानाच्या वर मोठी खोली आहे, बाराही पोरी राहतील. तुम्ही त्यांच्या घरी फोन लावा.

सरांनी एकेका घरी फोन लावला. बाकीचे तयार झाले, कविताची आई मात्र अडून बसली. पोरींबरोबर बाईमाणूस कोण आहे, असं तिनं विचारलं. सरांनी इकडंतिकडं बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"मावशी, तुम्ही शेतस ना तठे?" (तुम्ही आहात ना तिथं?)

मी आहे म्हणाले. उन्हाळ्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं.

वृंदा काही आमच्याबरोबर आली नाही. सामना अर्धा असताना अंपायरनं खेळाडूच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नसतं, म्हणाली, आणि मैत्रिणीकडे गेली. मी चिखलात रुतलेली एक चप्पल उपसून मुलींच्या मागं चालू लागले.

निधीच्या घरी वेगळाच पेच उभा होता. ती माणसं सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. स्वयंपाक होतच आला होता, मुली भुकेल्या होत्या, आणि बाहेर नुसतं राखाडी आभाळ. निधीचे काका मावळला म्हणत होते. तिचे वडील गच्चीवर जाऊन येत होते आणि आहे म्हणत होते. निधीच्या आईनं पुऱ्यांचा झारा हातात धरून दोघांना तिथंच थांबवलं.

"मावशी, तुम्ही अंपायरच्या घरच्या. तुम्हीच सांगा."

मी जन्मभर ग्रंथालयात काम केलं. वाद मिटवायचा तो बोट ओठांवर ठेवून, एवढाच माझा अनुभव. मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या भिंतीवर अजून रंग ओळखू येत होता.

"आहे अजून," मी म्हणाले. "वाढा."

काकांनी अंपायरच्या निर्णयावर अपील नसतं म्हणत पहिलं पान घेतलं. मुली अशा तुटून पडल्या की पुऱ्या पुरेनात. कविता आणि निधी शेजारी बसल्या होत्या. निधी तिला आग्रह करकरून श्रीखंड वाढत होती, आणि कविता म्हणत होती, "खाई खाई मना हात जड करस का?" (खायला घालून माझा हात जड करतेस का?)

सकाळी ऊन पडलं. दोन्ही संघांच्या मुलींनी मिळून घमेल्यांनी वीटभट्टीची राख मैदानावर पसरली. मग वृंदानं कालच्याच मुलीला तिसऱ्या बेसवर उभं केलं, निधीला बॅट घेऊन बोलावलं आणि मोठ्यानं सांगितलं, दोन आऊट, दोन स्ट्राइक. कविताला हसू आवरत नव्हतं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि हात फिरवला. निधीनं जोरात बॅट मारली ती हवेतच. चेंडू मागं कॅचरच्या हातात.

पिंपळनेरच्या मुलींनी सबंध मैदान डोक्यावर घेतलं. पण पुढं आणखी डाव होते. सातव्यात निधीनंच एक चेंडू पार कुंपणापर्यंत धाडला आणि धुळं एका रननं जिंकलं. देसले सर वृंदापाशी आले तेव्हा मला धाकधूक वाटली.

"ताई, काल तुमचा फार राग आला होता," ते म्हणाले. "आज हरलो. पण पोरींनी हरवलं आम्हाला, पावसानं नाही."

निधीच्या आईनं सगळ्यांना वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या. सामना संपला होता, म्हणून वृंदानंही घेतल्या. परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत तिनं माझ्याही संपवल्या. मग हात पुसत म्हणाली, "आईला तू दुपारी एक कादंबरी वाचून दाखवायचीस. पुढं काय झालं तिच्यात?"

मला माहीत नव्हतं. बहिणीला दवाखान्यात नेलं त्या दुपारनंतर मी ते पुस्तक उघडलं नव्हतं. ते मी तिला सांगितलं. मग मला वाचून दाखव, फोनवर, ती म्हणाली.

आता पुण्यात दुपारी मी फोन लावते आणि वाचते. पहिल्या दिवशी, वृंदाला मागचं कळावं म्हणून सुरुवातीपासून वाचू का, असं विचारलं होतं. नको म्हणाली, आई होती तिथून. तिच्या शाळेच्या मधल्या सुटीत जेवढं होईल तेवढं. घंटा झाली की ती मला वाक्याच्या मध्येच अडवते.

"थांब मावशी, तास आहे. उद्या इथूनच."