न काढलेला कट

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या बोळात माझी एका खोलीची कार्यशाळा होती. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी कारखान्यातल्या मशीनची कार्डं दुरुस्त करायला लागले, त्याला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. लेथ, प्रेस, भट्टीचे कंट्रोलर असलं काहीही बंद पडलं की लोक कार्ड पिशवीत घालून माझ्याकडं आणायचे. दारात बाई बघून नवीन माणूस आधी विचारायचा, "मिस्त्री कुठं हायत?" मी हात पुढं करून पिशवी घ्यायचे. त्यावर वेगळं उत्तर लागायचं नाही.

नव्वदचं दशक संपत आलेलं. एका दुपारी फौंड्रीचे एक तरुण मालक आले. बरोबर त्यांचे मिस्त्रीमामा होते, साठीच्या आसपासचे. डिझेल इंजिनांत आयुष्य गेलेलं, नुसत्या आवाजावरून कुठला सिलिंडर आजारी आहे ते सांगणारे. मालकांना शर्यतीच्या गाड्यांचा नाद. त्यांनी कुठूनतरी जुनी जपानी टर्बो गाडी आणली होती. मामांनी तिचा कॉम्प्युटर काढून आणला होता. जेवणाच्या डब्याएवढी अ‍ॅल्युमिनियमची पेटी, मागं वायरींचा भला मोठा सॉकेट.

"डिझेल असतं तर मी बघितलं असतं," मामा म्हणाले. "ह्या डब्यातलं मला काय कळंना. प्रेशर वाढवलं की गाडी मान टाकत्या, ताई."

मालकांनी समजावून सांगितलं. धुराच्या जोरावर टर्बोचा पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. त्या हवेचं प्रेशर गॅरेजच्या भाषेत किलोत मोजायचं. पाऊण किलोच्या थोडं वर गेलं की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. त्याला सगळे 'कट' म्हणायचे. मालकांना एक किलोवर गाडी पळवायची होती.

"तो कट काढून टाका, मॅडम. मुळासकट."

कॉम्प्युटरमध्ये काचेची खिडकी असलेली चिप होती. तसल्या चिपा मी मशीनच्या कार्डांत रोज बघत होते. तिच्यातले आकडे मी माझ्या संगणकावर वाचून घेतले, पण त्यातला कटचा आकडा कुठला हे सांगणारं कुणी नव्हतं. मग प्रेशर मोजणारा सेन्सर टेबलावर मांडला, त्याला सायकलचा पंप जोडला आणि पेट्रोल सोडणाऱ्या वायरीवर विजेचे ठोके पडद्यावर दाखवणारा स्कोप लावला. पंप मारत गेलं की पडद्यावरची रेघ हलत राहायची, आणि एका ठिकाणी एकदम सपाट व्हायची. तिथं कट. मग एक आकडा बदलायचा, नवी चिप भरायची, पुन्हा पंप. बारा दिवस हेच चाललं होतं. तेराव्या दिवशी रेघ सपाट व्हायची जागा सरकली.

आता तो आकडा शेवटाला नेऊन ठेवला असता, तर कट कायमचा गेला असता. मी तसं केलं नाही. सव्वा किलोवर ठेवला.

का, ते सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी एका वर्कशॉपवाल्यानं मला प्रेसच्या कार्डातला सुरक्षेचा स्विच बाद करायला लावला होता. जाळी उघडी असली तरी प्रेस चालावी, म्हणजे नग जास्त निघतात. मी करून दिलं. तिथं कुणाला काही झालं नाही. पण त्या शॉपवरून जायचं मी टाळायला लागले. सायकल दोन गल्ल्या फिरवून न्यायचे. पुन्हा कुठल्याही मशीनचा शेवटचा अडसर माझ्या हातानं काढायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. मनाशीच. ते मालकांना सांगितलं असतं तर त्यांनी काम दुसरीकडं नेलं असतं, आणि ते काम मला पाहिजे होतं. तसलं काम गावात कुणी केलेलं नव्हतं.

मालकांनी विचारलं, "काढला का?"

मी म्हटलं, "काढला."

रविवारी सकाळी आम्ही तिघं गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. मालक गाडी चालवत होते, मी त्यांच्या डाव्या हाताला आणि मामा मागं पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन. मी दोन चिपा नेल्या होत्या, एकीत पेट्रोलला ठिणगी लवकर पडायची, दुसरीत जरा उशिरा. प्रेशर वाढवल्यावर आतल्या आत चुकीचा स्फोट झाला तर पिस्टनला भोक पडतं, आणि त्याचा आवाज धावत्या गाडीत ऐकू येत नाही. मामांनी त्यावर उपाय केला होता. तांब्याची नळी एका टोकाला ठोकून चपटी केली, इंजिनाच्या ब्लॉकला बोल्टनं आवळली, दुसऱ्या टोकाला रबरी नळी लावून ती आत घेतली आणि तिला डॉक्टरचा स्टेथोस्कोप जोडला. तो माझ्या कानात.

बालिंग्याचा पूल ओलांडून रस्ता मोकळा झाला तसे मालक म्हणाले, "तिसऱ्या गिअरला ओढतो. प्रेशरचा काटा तुम्ही बघा."

पाठ सीटला चिकटली. काटा पाऊण किलोवर गेला, ओलांडून पुढं गेला, गाडीनं मान टाकली नाही. मामांनी बांधून ठेवलेल्या एक किलोला काटा थांबला. आणि त्याच क्षणी माझ्या कानात टरटर सुरू झाली, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी.

"सोडा," मी म्हटलं. "सोडा, सोडा."

त्यांनी पाय काढला. गाडी कडेला घेतली. ठिणगी उशिरा पाडणारी दुसरी चिप घाईत सॉकेटमध्ये बसवताना तिचा एक पाय वाकला. तो नखानं सरळ केला आणि चिप बसवली. पुन्हा एक किलो. या वेळी कानात नुसती एकसारखी घरघर. आम्ही चार वेळा ओढून बघितलं. खडे वाजले नाहीत.

मालकांनी गाडी कळे गावापर्यंत नेली. चहाच्या गाडीवर उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि मामांकडं बघून हसले. मामा म्हणाले, "पळाली की." मलाही बरं वाटत होतं. कटबद्दल सांगायची ती वेळ होती. मी चहा प्यायले आणि गाडीत बसले.

परत येताना पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. मागं दोन ट्रेलर, दोन्ही वरपर्यंत भरलेले. समोर लांबवर मोकळं दिसत होतं. मालकांनी तिसरा गिअर टाकला आणि गाडी उजवीकडं काढली. माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर उसाच्या हिरव्या शेंड्यांची वाडं सरकत होती. मी सवयीनं काट्याकडं बघितलं. एक किलो. काटा तिथं थांबायला हवा होता. तो थांबला नाही.

एकदम माझ्या कानातली घरघर बंद झाली.

तशी शांतता मी टेबलावर शंभर वेळा बघितली होती, सपाट रेघ म्हणून. गाडीनं आम्हाला पुढं फेकलं. मग पेट्रोल आलं, गाडी उसळली, काटा पुन्हा वर गेला, पुन्हा शांतता, पुन्हा हिसका. आम्ही दुसऱ्या ट्रेलरच्या मध्यावर होतो आणि समोरच्या वळणावरून एसटी निघाली होती.

"पेट्रोल पंप गेला," मालक म्हणाले, आणि त्यांनी पाय आणखी दाबला.

तेच चुकत होतं. जितकं दाबतील तितकं प्रेशर वाढणार, आणि कॉम्प्युटर तितकाच तोडणार. हे त्या गाडीत फक्त मला माहीत होतं. मी कानातून नळ्या ओढून काढल्या.

"पाय उचला."

"मॅडम, पुढं बस—"

"अर्धा पाय उचला. कट हाय. कट मारतोय. अर्धा उचला."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. बघायला वेळच नव्हता. एसटीनं दिवे लावले होते. मी त्यांचा गुडघा धरला आणि वर ओढला. कुणा परक्या पुरुषाचा गुडघा असा धरायचा प्रसंग माझ्यावर तोवर आला नव्हता. पाय वर आला, काटा पडला, आणि इंजिन सरळ चालायला लागलं. हिसके थांबले. गाडी वेगानं नाही, पण न अडखळता पुढं सरकली. ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक मारला, एसटीनं चाकं मातीत उतरवली, आणि आम्ही मधून निघालो. एसटीचा ड्रायव्हर काय बोलला ते ऐकू आलं नाही. त्याचं तोंड दिसलं.

बऱ्याच अंतरावर मालकांनी गाडी बांधाला लावली. कुणी उतरलं नाही. मग मामा उतरले, बॉनेट उघडलं आणि आत वाकले.

"पायप निसटलाय," ते म्हणाले.

टर्बोचं जादा प्रेशर सोडून देणाऱ्या झडपेला बोटाएवढी रबरी नळी जोडलेली असते. ती सुटली की झडप उघडत नाही आणि प्रेशर चढतच जातं. नळी बाजूला लोंबत होती.

मालकांनी मला विचारलं, "पाय काढायचं तुम्हाला कसं सुचलं?"

मी सांगितलं. सव्वा किलोवर ठेवलाय, काढलेला नाही, काढला म्हणून खोटं बोलले.

मामा मध्ये पडले. "मालक, कट नसता तर काटा दीडावर गेला असता. इंजिनाचं पाणी झालं असतं."

"इंजिन गेलं असतं तर गाडी महिनाभर उभी राहिली असती," मालक सावकाश म्हणाले. "हितं आपण तिघं गेलो असतो, मामा."

दोघांचंही बरोबर होतं. मालक पुढं म्हणाले, "तुम्ही ठेवला त्याचं मला काय न्हाय. मला म्हाईत असतं तर मी पाय उचलला असता." कोल्हापूर येईपर्यंत गाडी चाळिसावर होती. मला बोळाच्या तोंडाशी सोडून ते निघून गेले.

घरी मी आईला काही सांगितलं नाही. ती बुद्धविहारातून आली होती, कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होती. मी भाकरी मोडत बसले होते आणि गाडीचे हिसके अजून अंगात येत होते. आठवडाभर काम सुचलं नाही. एक साधं भट्टीचं कार्ड मी दोनदा जाळलं.

आठव्या दिवशी मिस्त्रीमामा एकटेच आले. स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ताई, त्या पायपाला क्लिप न्हवती," ते म्हणाले. "मापाची गावली न्हाय म्हणून मी तार गुंडाळली हुती. तापून सैल झाली. मालकांस्नी बोललो न्हाय मी. समदा दोष तुमच्यावर गेला."

मला राग आला. राग कुणाचा, ते नीट कळेना. सात दिवस मी एकटीच चुकलेली होते, आणि आता हा माणूस समोर बसून त्यातला अर्धा वाटा मागत होता.

"मग मला कशाला सांगताय?" मी म्हटलं. "त्यांना सांगा."

"नोकरी जाईल माझी. तीस वर्षं हाय मी तितं."

"मी सांगणार नाही," मी म्हटलं. "तुमचं तुम्ही बघा."

मामा उठले. मग टोपी घातली आणि गेले. त्यांनी मालकांना कधी आणि कोणत्या शब्दांत सांगितलं, ते मला कधीच कळलं नाही. नोकरी मात्र गेली नाही, कारण पंधरा दिवसांनी दोघं मिळून कॉम्प्युटरची पेटी घेऊन माझ्या दारात उभे होते. मामा माझ्याकडं बघत नव्हते. मालकांनी पेटी टेबलावर ठेवली.

"कट राहू दे," ते म्हणाले. "पण तो मारायच्या आधी मला कळलं पाहिजे. आणि ह्यात काय बदललं, काय तसंच ठेवलं, ते कागदावर लिहून द्या. मामा, तुम्हीपण. कुठला पायप, कसली क्लिप, सगळं."

मी एक वेगळं छोटं कार्ड बनवलं. प्रेशर एक किलोच्या जरा वर गेलं की काट्याशेजारी लाल दिवा लागायचा आणि बझर वाजायचा. दोनदा वाजला की पाय उचलायचा. मामांनी दिव्यासाठी डॅशबोर्डला भोक पाडलं आणि नळीला नवीन क्लिप लावल्या, दोन्ही टोकांना. त्यांनी कधी अर्ज लिहिला नव्हता, तेव्हा त्यांचा कागद मी लिहिला. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. शेवटी त्यांनी सही केली, एकेक अक्षर दाबून.

पुढच्या रविवारी मालकांनी विचारलं, "येताय का बघायला?"

मी गेले. बालिंग्याच्या पुढं त्यांनी तिसरा गिअर टाकला. तेव्हा मी काट्याकडं बघत नव्हते, त्यांच्या पायाकडं बघत होते.