दुकानातली माती

गल्लीत त्यांना सगळे तपासनीस म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते. तसे त्यांचे काम तपासाचे मुळीच नव्हते. जुन्या बॅटऱ्या खोलून दुरुस्त करण्याचे त्यांचे लहानसे दुकान होते. पण स्वभाव असा, की तराजूच्या पारड्याखाली बोट घालून बघणार, दुधाचा थेंब नखावर घेऊन तो घसरतो कसा ते पाहणार, आणि पावती मिळाली तरी ती उजेडात धरणार. "लोक तोंड भाजल्यावर ताक फुंकून पितात," ते म्हणत. "मी आधीच फुंकतो. बिघडलं कुठं?"

म्हणून त्यांची नात, लाडाने चिमणी, जेवायला कुरकुर करू लागली, पोट धरून रडू लागली, आणि तिच्या गालांचा रंग उडाला, तेव्हा घरातल्या इतरांनी उपचाराचा विचार केला, तपासनिसांनी गुन्हेगाराचा.

पहिली पाळी दूधवाल्याची.

"दुधात पाणी घालतोस ते मला माहीतच आहे," ते म्हणाले, "पण त्या पाण्यात काय असतं?"

"काका, पाणी तुमच्याच गल्लीच्या नळाचं असतं," दूधवाला म्हणाला. "नळाला विचारा."

तपासनिसांनी नळालाही सोडले नाही. तोटीला फडके बांधून दोन दिवस ठेवले. फडके स्वच्छ निघाले, त्यामुळे त्यांना फडक्याचाच संशय आला.

मग पाळी आली शेजारच्या मावशीची. सून आणि मुलगा दोघेही नोकरीला, आजीचे गुडघे गेलेले, त्यामुळे चिमणी दिवसभर मावशीकडे असे. एके दिवशी तपासनिसांनी तिच्या दारात उभे राहून, अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, "मावशी, पोरीला झोपवायला काही देता का हो?"

मावशीने हातातले काम थांबवले. "देते ना. थोपटून देते."

"तसं नाही. औषध वगैरे..."

"कळलं मला कसं ते. तुमची पोर उद्यापासून तुम्हीच सांभाळा. आणि थोपटायला जमलं नाही तर तेही तपासून घ्या."

रात्री सुनेने विचारले, "बाबा, आता हिला ठेवायचं कुठं?"

"दुकानात. माझ्या नजरेखाली," तपासनीस म्हणाले. "तिथं कोण काय करतो ते बघतो."

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. एका बाजूला बॅटऱ्यांची रास, दुसऱ्या बाजूला ओटा, कोपऱ्यात शिसे वितळवायची शेगडी. चिमणीसाठी त्यांनी गाडीची एक जुनी गादी आणून टाकली. काळजीत मात्र कसूर नव्हती. या धंद्यात आम्लाला 'पाणी' म्हणतात, आणि पाण्याला सगळे भितात, कारण ते लागले की भाजते, कपड्याला भोके पडतात. तपासनिसांनी पाण्याचे सगळे कॅन वरच्या फळीवर चढवले. हातावर शिंतोडा उडाला की सोडा लावून धुतल्याशिवाय ते नातीला जवळ घेत नसत. शिशाच्या विटा कपाटात कुलपाआड होत्या. चिमणी नजरेसमोर होती, आणि रोज थोडी अधिक पिवळी पडत होती.

सुनेने रजा टाकून तिला डॉक्टरीणबाईंकडे नेले. बाईंनी पोट दाबून पाहिले, पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारले, "माती खाते का?"

"नाही हो," सून म्हणाली. "माती आहेच कुठं आमच्याकडं? घरात फरशी, दारात सिमेंट."

बाईंनी रक्त तपासायला पाठवले. अहवाल आणायला तपासनीस एकटे गेले. सून विचारायचे ते विचारणार नाही, याची त्यांना खात्री होती.

"रक्तात शिसं आहे," बाई म्हणाल्या. "या वयात ते फार वाईट. वाढीवर परिणाम होतो, डोक्यावर होतो. कुठून येतंय ते आधी बंद करायला हवं. घरात कोण काय काम करतं?"

आता या बाईंना आपल्या धंद्याशी काय करायचे आहे? उद्या नगरपालिकेला कळवले तर? दुकानासमोरच्या गटारात बॅटऱ्या धुतलेले पाणी सोडतो, तेवढे निमित्त पुरे. शिवाय शिसे तर कुलपात होते. किल्ली त्यांच्या कमरेला होती.

"विजेच्या सामानाचं दुकान आहे," ते म्हणाले.

"मग खेळण्यांचा रंग बघा. भिंतीचे जुने रंग बघा."

घरी आल्याबरोबर त्यांनी, रक्तात शिसे आहे आणि ते रंगातून आले, असे सांगून खेळणी पोत्यात भरली. लाकडी बदक, गाडी, मण्यांची पाटी, सगळे. चिमणीने आकांत केला, पण तपासनिसांना समाधान वाटले. चोर सापडला होता. बदक मुलाच्या मेव्हण्याने दिलेले, आणि तो माणूस त्यांना पहिल्यापासून सरळ वाटत नव्हता.

बदक गेले तरी पोट दुखायचे थांबेना.

एका दुपारी सून कचेरीतून लवकर सुटून चिमणीला न्यायला थेट दुकानात आली. तपासनीस बॅटरीच्या जुन्या प्लेटा आपटून झाडत होते. तपकिरी भुकटी उडून ओट्यावर, गादीवर, त्यांच्या मिशांवर बसत होती. चिमणी जमिनीवर पालथी पडून त्या भुकटीत बोट फिरवत होती.

"आई, बघ, मी घर काढलं," ती म्हणाली, आणि बोट तोंडात घालून ओले करून पुन्हा रेघ ओढू लागली.

सुनेने तिला एकदम उचलले. "बाबा, हे काय आहे?"

"काय म्हणजे? माती आहे."

"कसली माती?"

"दुकानातली. प्लेटांमधून निघते ती. सगळे मातीच म्हणतात. पाण्यासारखी भाजत नाही की काही नाही. रोज माझ्या अंगावर बसते, घरी जाऊन झटकतो."

"कुठं झटकता?"

"दाराबाहेर. उंबऱ्याशी." आणि एवढे बोलल्यावर त्यांना आठवले की दाराशी रोज चिमणीच असते, आणि झटकायच्या आधीच येऊन मांडीवर चढते.

"बाबा, प्लेटा कशाच्या असतात?"

तपासनीस हातातल्या प्लेटेकडे पाहत राहिले. शिसे म्हणजे वीट, जड, कापली की चकाकणारी. ती कपाटात होती. ही तर माती होती.

"शिशाच्या," ते म्हणाले.

सून ओरडली नाही. "डॉक्टरांनी मला विचारलं होतं, माती खाते का म्हणून. मी नाही म्हटलं."

"माती मी खाल्ली," तपासनीस म्हणाले. त्यात विनोद करायचा त्यांचा हेतू नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते सुनेबरोबर बाईंकडे गेले आणि धंदा सांगितला. बाईंनी त्यांचेही रक्त घेतले. आता दुकानातले कपडे दुकानातच राहतात, वेगळे धुतले जातात. झाडू मारणे बंद, ओले फडके फिरते. प्लेटा झाडणे तोंडाला मास्क बांधून, आणि बॅटऱ्या धुतलेले पाणी गटारात नाही, पिंपात. मावशीकडे जाऊन माफी मागावी लागली. "तपास पूर्ण झाला का?" तिने विचारले, आणि मग चिमणीला कडेवर घेतले. चिमणीचे शिसे उतरते आहे. हळूहळू, पण उतरते आहे. संध्याकाळी आजोबा आंघोळ करून बाहेर येईपर्यंत ती न्हाणीघराच्या दाराशी बसते आणि म्हणते, "हात दाखवा." नखेसुद्धा बघते. घरातले हसतात.

तपासनीस हात दाखवतात, पण त्यांचे लक्ष मुलाकडे असते. तोही लहानपणी असाच दाराशी वाट बघत असे, त्यांच्या मळक्या सदऱ्याच्या खिशावर डोके ठेवून झोपत असे. शाळेत त्याला पाढे लक्षात राहत नसत. तपासनीस संतापत, आणि चारचौघांत विचारत, "डोक्यात माती भरलीय का तुझ्या?"

इतक्या वर्षांनी ते शिसे कुठल्या रक्तात सापडणार? बाईंना विचारायचे त्यांच्या मनात अनेकदा आले. आयुष्यात हा एकच संशय त्यांनी तपासून पाहिला नाही.