पेनड्राइव्हमधले धवळे

पेणच्या एसटी स्टँडसमोर पुंडलिकचं मोबाइलचं दुकान आहे. दुपारी तो जेवायला घरी गेला की गल्ल्यावर त्याची बायको बसते, शकू. बसते म्हणजे नुसतं म्हणायचं. काच पूस, चार्जरच्या वायरी गुंडाळ, पुन्हा सोड, असं चालू असतं.

शकूचं माहेर खाडीकाठचं. आई काशीबाई धवलारीण, लग्नात हळदीपासून धवळे गाणारी. शकू लहानपणी लोकांच्या मांडवात आईच्या मांडीवर झोपली. आईच्या सगळ्या साड्या अशाच, कुणाच्या ना कुणाच्या लग्नातला मान. परवा माहेरी गेली तेव्हा आई जुनीच साडी घडी घालत बसलेली. "यंदा नवी नाय आली गो," एवढंच म्हणाली.

रोह्याच्या एका स्टुडिओने तिचे धवळे रेकॉर्ड करून ॲपवर विकायला ठेवलेत. खपले तर तिला वाटा. रेकॉर्डिंगला खरी नवरी नव्हती, म्हणून धवळ्यात नवरीचं नाव घ्यायच्या जागी तिने लेकीचंच घेतलं. पुंडलिकने ते कुठूनसे फुकट उतरवले आणि गिऱ्हाइकांना भरून देऊ लागला. शकू त्यावरून बोलली, तर म्हणाला, "मी नाय दिलं तर समोरचा दुकानवाला देल."

आज एक बाई पेनड्राइव्ह घेऊन आली.

"वयनी, काशीबाईचे धवळे भरून दे. पोरीची हळद हाय."

"तिलाच बोलवा ना. येईल ती."

"तिला रिक्षा पाठवा, साडी नेसवा! यात कसं, बटण दाबलं की गाते."

"मग ॲपवर विकत घ्या. तिला काय तरी मिळंल."

"गाण्याला कोण पैसं देतं गो?"

"त्यात नवरीचं नाव शकू हाय. तुमच्या पोरीचं काय?"

"स्वप्नाली. एवढ्या गोंधळात नाव कोण ऐकतं?"

शकूने पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. काढला. बाईच्या हातात परत ठेवला.

"नाय भरत."

बाई तणतणत रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. शकूने धवळ्यांचं फोल्डर पुसून टाकलं, मग काच पुसायला घेतली.

पुंडलिक ढेकर देत आला. "ती बाई समोर का गेली?"

"आईचे धवळे हवे होते. मी पुसले. तुम्हाला ठेवायचे तर विकत घ्या."

"सासूची गाणी मी विकत घेऊ?"

"मग काय, जावई म्हणून फुकट?"

तो काही बोलणार, तेवढ्यात समोर पेनड्राइव्ह वाजवून बघायला मोठा स्पीकर लागला. हॉर्नच्या कलकलाटातून आईचा आवाज रस्त्याच्या अलीकडे आला, शकू नवरीला हाका मारत.

शकूने पायात चपला सरकवल्या.

"आता कुठं?"

"समोर," ती म्हणाली. "नवरीला बोलावतायत ना."