आधी नदी, मग गढी

बाई कुठल्याही गढीत थेट शिरत नसत. एसटीतून उतरल्यावर आम्ही मुलं त्या भल्यामोठ्या दरवाजाकडे निघालो की मागून छत्री आपटल्याचा आवाज यायचा. "अहो, तिकडे कुठे? आधी नदी." मग सगळे निमूट घाटाकडे वळायचे. पाण्यालगतच्या पायरीवर उभं राहून वर बघायचं. बुरूज, तट आणि तटावरून डोकावणारा वाडा. "वर जेवढं पाणी लागलं, ते इथून कुणीतरी वाहून नेलं," बाई म्हणायच्या. "त्यांना दिसायची तशी आधी बघा. आत गेलात की गढी दिसायची थांबते, खोल्या दिसायला लागतात."

त्या भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. शनिवार पेठेत दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या आणि आमच्या कॉलेजच्या मुलांना रविवारी नीरेच्या खोऱ्यातल्या गढ्या, वाडे दाखवायला न्यायच्या. आम्ही त्यांना पाठीमागे 'नदीबाई' म्हणायचो. ते त्यांना ठाऊक होतं. "नाल्यावरून नाव ठेवलं नाहीत, आभारी आहे," एवढंच एकदा म्हणाल्या.

विद्यार्थ्यांनाही त्या अहोजाहो करत. मी पुण्याजवळच्या मांजरी गावात वाढलेली. पप्पा मार्केट यार्डात भाजीचा टेम्पो चालवतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. तोवर मला कुणी अहो म्हटलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या दिवशी बाईंनी हाक मारली तेव्हा मी वळून मागे पाहिलं. पुढे धीर करून कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "गढीच्या मालकाला अहो म्हणते. तुम्ही माझं काय वाईट केलंय?"

त्यांचे आणखी दोन रिवाज होते. घाटावर दरवेळी आमच्यापैकी एकाने त्या जागेविषयी बोलायचं. आणि दार सताड उघडं असलं तरी घरातलं कुणी "या" म्हणेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबायचं. एकदा एक मुलगा सेल्फीसाठी तसाच आत घुसला. बाई म्हणाल्या, "फोटो तुमचाच हवा होता, तर तो पेठेत निघाला असता. एसटीचं तिकीट कशाला वाया घालवलंत?" तो लाल होऊन बाहेर आला.

मग एका रविवारी आमच्याच मूळ गावची गढी ठरली आणि बोलायची पाळी माझ्यावर आली. ते माझं गाव आहे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी चहा पिताना पप्पांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"तिथं काय बघायचं हाय?"

"गढी."

"तुझा आजा त्या गावचा वेसकर. वेशीचं दार उघडायचं, लावायचं, वाड्याचा सांगावा पोचवायचा. पण वाड्याच्या पायरीखाली उभं राहून. धम्म घेतला, त्या दिवशी ते काम सोडलं अन् पुण्याला आला. परत गेला न्हाई." मग म्हणाले, "तू जा. पण त्या उंबऱ्याच्या आत आपलं कुणी गेलेलं न्हाई, ध्यानात ठेव."

मी बांधकामाची माहिती पाठ केली होती. दगड कुठला, विटा कुठल्या, बुरूज किती. घाटावर उभी राहिले, "ही गढी..." म्हणाले आणि पुढे शब्दच येईना. वर तो दरवाजा दिसत होता. माहिती सांगून सुटता आलं असतं. मुलं एकमेकांकडे बघू लागली.

बाई पायरीवर बसल्या. छत्री मिटून मांडीवर घेतली. "घाई नाही," त्या म्हणाल्या. "नदी कुठं जात नाही."

मग मी सांगितलं. माझे आजोबा या दारापर्यंत यायचे, आत जायचे नाहीत, का जायचे नाहीत. संपल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते बरं वाटलं. बाई फक्त "चला" म्हणाल्या.

दारात म्हातारे मालक खुर्ची टाकून बसले होते. सगळ्यांवरून त्यांची नजर फिरली आणि माझ्यावर थांबली. घाटावरचं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं की काय, कोण जाणे.

"तू कुणाची गं?"

बाई माझ्या वतीने बोलतील असं वाटलं. त्या छत्रीचं टोक न्याहाळत राहिल्या.

"धोंडिबा वेसकरांची नात," मी म्हणाले.

आतून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या. मालकांनी हाताने आत खूण केली. "जा, बघून घ्या."

मुलं पुढे सरली. बाई हलल्या नाहीत. "आमच्यात 'या' म्हटल्याशिवाय आत जात नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या.

मालकांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खुर्चीचा हात धरून ते उठले.

"या," ते म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले.

आत एक चौक होता, वाळत घातलेल्या कुरडया होत्या, खांबाला टेकवलेली मोटरसायकल होती. एवढंच. परत येताना एसटीत मला रडू आलं. बाईंनी खिडकीची जागा मला दिली आणि स्वतः डोळे मिटून बसल्या.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. न्युमोनियाचं निमित्त झालं. पेठेतल्या त्या दोन खोल्यांबाहेर आम्ही सगळे उभे होतो. दार उघडं होतं, तरी कुणी आत जाईना. शेवटी त्यांच्या भाचीने बाहेर येऊन "या ना" म्हटलं.

रविवारच्या फेऱ्या आता आम्हीच चालवतो. या हिवाळ्यात पुन्हा आमच्या गावची गढी ठरली. पप्पांना विचारलं, तर आधी नाही म्हणाले. पण रविवारी पहाटे इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. घाटावर ते सगळ्यांच्या मागे, पार पाण्यापाशी थांबले आणि मान वर करून बघत राहिले.

"आज कोण बोलणार?" मी विचारलं.

नव्या मुलांपैकी कुणी पुढे येईना. मग मागून एक हात वर झाला. पप्पांचा. सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी घसा खाकरला, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

मी पायरीवर बसले.

"घाई नाही, पप्पा," मी म्हणाले. "नदी कुठं जात नाही."